परवाना दुकानाचा, नोंदणी माणसाची

फार्मसीच्या अभ्यासक्रमातील कायद्याच्या विषयाकडे बहुतेक विद्यार्थी परीक्षा अगदी तोंडावर आल्याशिवाय वळत नाहीत. डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला तो 'फार्मसी लॉ अँड एथिक्स' या नावाने येतो आणि बी. फार्म.ला पाचव्या सत्रात 'ज्युरिसप्रुडन्स' म्हणून भेटतो. फार्माकॉलॉजीत औषध शरीरात काय करते हे समजून घेण्याचे कुतूहल असते आणि फार्मास्युटिक्समध्ये स्वतःच्या हाताने काही तयार करण्याचा आनंद असतो. या विषयात मात्र कलमे, फॉर्मचे क्रमांक आणि शिक्षेची वर्षे यांचीच रांग लागलेली दिसते, म्हणून ती पाठ केली जातात आणि पेपर झाला की विसरली जातात. मराठवाड्यातील एका फार्मसी महाविद्यालयात मी हा विषय शिकवते. ज्यांना पुढची कित्येक वर्षे औषधांच्या दुकानात, रुग्णालयात किंवा कारखान्यात उभे राहायचे आहे त्यांच्यासाठी याच्याइतका व्यवहाराचा दुसरा विषय नाही, असे माझे ठाम मत आहे. तो समजायचा असेल, तर प्रत्येक तरतुदीपाशी थांबून विचारावे लागते की हा अधिकार शासनाला कोठून मिळाला आणि ही तरतूद कोणाचा जीव वाचवण्यासाठी लिहिली गेली.

अधिकाराचा उगम अर्थातच राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, १९ व्या क्रमांकावर 'औषधे व विषे' ही नोंद आहे आणि त्याच सूचीत २६ व्या क्रमांकावर वैद्यकीय, विधी व इतर व्यवसायांची नोंद आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय मात्र राज्यसूचीत आहेत. या वाटणीमुळेच औषधांचा कायदा संसदेने केलेला असतो, नियम केंद्र सरकार करते आणि तुमच्या तालुक्यातील मेडिकलचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. नव्या औषधाला परवानगी देणे, आयातीवर देखरेख ठेवणे आणि वैद्यकीय चाचण्यांना मान्यता देणे ही कामे दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे आहेत. दुकानाची तपासणी करायला येणारा औषध निरीक्षक राज्याचा असतो. हे दोन स्तर डोक्यात पक्के बसले, की अर्धा गोंधळ तेथेच संपतो.

या व्यवस्थेचा इतिहास आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी थोडा बारकाईने पाहावा असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत भारतात कमअस्सल आणि भेसळयुक्त औषधांचा सुळसुळाट झाला होता. हिवतापावर दिले जाणारे क्विनीनसुद्धा त्यातून सुटले नव्हते. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये औषध चौकशी समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. औषध कायदा मात्र १९४० उजाडल्यावर झाला. त्या काळी हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत होता, त्यामुळे केंद्रीय विधिमंडळाने त्यावर कायदा करावा असे ठराव सर्व प्रांतांच्या विधिमंडळांना करावे लागले आणि तसा स्पष्ट उल्लेख कायद्याच्या उद्देशिकेत आहे. उद्देशिका कोणी वाचत नाही, पण शासनाला हा अधिकार कोणी दिला याचे उत्तर त्या चार ओळींतच आहे.

त्या प्रांतांमध्ये आपला मराठवाडा नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नव्हते. फार्मसी कायदा त्याच १९४८ च्या मार्च महिन्यात झाला, म्हणजे तो झाला तेव्हाही आपण भारतीय संघराज्यात आलो नव्हतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. फार्मसी कायद्याचे पहिले कलम उघडून पाहा; त्याच्या परंतुकात, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेल्या पुरवणी वाक्यात, ही तारीख अक्षरशः छापलेली आहे. राज्यपुनर्रचनेमुळे एखाद्या राज्याच्या एकाच भागात या कायद्याची तिसरी, चौथी आणि पाचवी प्रकरणे लागू असतील, तर उरलेल्या भागात ती कधीपासून लागू होतील हे राज्य सरकारने राजपत्रातून ठरवावे, असे ते परंतुक सांगते. राज्य फार्मसी परिषद, फार्मासिस्टांची नोंदवही आणि नोंदणी नसलेल्यांवरील बंदी हे सगळे याच प्रकरणांत आहे. कायदा संमत होणे, तो अमलात येणे आणि तो एखाद्या प्रदेशाला लागू होणे या तीन वेगवेगळ्या घटना आहेत, हे शिकवण्यासाठी मला या परंतुकापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता कायदा, नियम आणि परिशिष्ट यांतील फरक. 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०' (वर आलेल्या औषध कायद्याचेच आजचे नाव) हा केंद्रीय विधिमंडळाने केलेला अधिनियम आहे आणि १९४५ चे नियम हे त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून सरकारने केलेले आहेत. ज्यांना आपण रोज शेड्यूल एच, एच-वन, एक्स म्हणतो ती परिशिष्टे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्या, या नियमांचा भाग आहेत. म्हणजे एखादे औषध शेड्यूल एच-वनमध्ये घालण्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. मग सरकार मनाला येईल ते करू शकते का, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतो आणि विचारायलाच हवा. कलम ३३ नुसार नियम करताना औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला घ्यावा लागतो आणि मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. केलेले नियम कलम ३८ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि त्या पाठवण्याचा हक्क नांदेडच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही तितकाच आहे जितका एखाद्या मोठ्या औषध कंपनीला.

या अधिकाराला मर्यादा असते हे सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्याच एका खटल्यात दाखवून दिले आहे. 'औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' १९५४ मध्ये झाला. त्याविरुद्ध हमदर्द दवाखान्याने आणि इतरांनी याचिका केल्या आणि डिसेंबर १९५९ मध्ये निकाल आला. लोकांना स्वतःच्या मनाने औषध घ्यायला लावणाऱ्या जाहिराती हा भाषणस्वातंत्र्याचा भाग नाही, असे सांगून न्यायालयाने कायद्याचा गाभा कायम ठेवला. पण कलम ३ मध्ये 'नियमांत नमूद केला जाईल असा इतर कोणताही आजार' असे शब्द होते आणि तो आजार कोणत्या निकषांवर निवडायचा याबद्दल कायदा काहीच सांगत नव्हता. तेवढा भाग न्यायालयाने रद्द केला. संसदेने धोरण ठरवावे आणि सरकारने तपशील भरावा, ही मर्यादा त्या निकालात स्पष्ट झाली. पुढे १९६३ मध्ये दुरुस्ती होऊन आजारांची यादीच कायद्याला जोडली गेली. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू ही नावे त्या यादीत आहेत. आपल्याकडे रस्त्याकडेच्या भिंतींवर 'शुगर कायमची बंद' अशी अक्षरे रंगवलेली दिसतात. ती वाचताना यापुढे हे कलम आठवावे आणि त्या औषधाची बाटली आपल्या काउंटरवर ठेवण्याआधी तर नक्कीच आठवावे.

शेड्यूल एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू झाले. सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती आणि त्यांतील बहुसंख्य प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे होती; उरलेली गुंगी आणणारी किंवा सवय लावणारी होती. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही नावे विद्यार्थ्यांना एका यादीत पाहून विचित्र वाटतात, कारण औषधशास्त्राच्या वर्गीकरणात ती कोठेही एकत्र येत नाहीत. कायद्याने त्यांना एकत्र आणले ते त्यांच्यापासून होणाऱ्या हानीमुळे. ही औषधे देताना लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवावे लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते.

हे रजिस्टर म्हणजे कारकुनी असे ज्यांना वाटते त्यांच्यासमोर मी आपल्याच भागातील दोन गोष्टी ठेवते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. क्षयरोगाचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. गाव सुटले, सरकारी केंद्रातील गोळ्या संपल्या आणि वाटेतल्या दुकानातून चार दिवसांची रिफाम्पिसिन चिठ्ठीशिवाय विकत घेतली, तर खोकला थांबतो पण जंतू मरत नाहीत, आणि पुढे त्याच औषधाला दाद न देणारा क्षय घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट नशेच्या गोळ्यांची. छत्रपती संभाजीनगरमध्ये ज्यांना 'बटन' म्हणतात त्या बहुधा नायट्राझेपामसारख्याच गोळ्या असतात. त्या कारखान्यात कायदेशीर बनतात, कायदेशीर साखळीतून निघतात आणि कोठेतरी कोणीतरी त्या बिलाशिवाय व नोंदीशिवाय वळवतो. नायट्राझेपाम १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही येते, त्यामुळे तेथे प्रश्न परवान्यापुरता राहत नाही, थेट तुरुंगाचा होतो. ती गळती नेमकी कोठे झाली हे शोधायचे असेल, तर हातात असते ते हे रजिस्टर आणि खरेदीची बिलेच.

एका नियमाबद्दल मात्र मला मोकळेपणाने लिहायचे आहे. १९४५ च्या नियमांतील नियम ६५ च्या पोटनियम ११-अ प्रमाणे शेड्यूल एच किंवा एक्समधील औषधाच्या चिठ्ठीवर दुसरे कोणतेही उत्पादन देता येत नाही, मग त्यात तोच घटक असला तरी. रात्री दहा वाजता किनवटच्या एखाद्या मेडिकलमध्ये चिठ्ठीवरचा ब्रँड नसतो, तोच घटक दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात समोर असतो, आणि रुग्णाला दुसरीकडे जायला गाडी नसते. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून चिठ्ठीत बदल करून घेणे हा सरळ मार्ग आहे आणि तोच मी शिकवते. पण नोंदणीकृत फार्मासिस्टला तोच घटक, तीच मात्रा देण्याची मुभा नियमातच असावी, असेही माझे मत आहे. कायदा बदलावा असे वाटणे आणि तो आहे तोपर्यंत पाळणे यांत विसंगती नाही, आणि बदल मागण्याची वाट राजपत्रातील मसुद्यावर सूचना पाठवण्याची आहे हे वर आलेच आहे.

नियम लोकांच्या अडचणीकडे पाहतच नाहीत असेही नाही. काही औषधांना अटींवर सूट देणाऱ्या शेड्यूल के या परिशिष्टातील १३ वी नोंद वाचा. एक हजारापेक्षा जास्त लोकवस्ती नसलेल्या गावात पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाशामक बाम, ग्राइप वॉटर, टिंक्चर आयोडीन अशी घरगुती औषधे काही अटींवर विक्रीच्या परवान्याशिवायही विकता येतात. आपल्याकडे वाडी-तांड्यांवर जी औषधे किराणा दुकानात दिसतात त्यांना एवढाच आधार आहे, आणि त्या यादीत प्रतिजैविके नाहीत. किमतींचे नियमन हा वेगळा आणि मोठा विषय आहे; तो अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५, त्याखालील २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आणि १९९७ पासून काम करणारे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण यांच्याशी जोडलेला आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

ज्या प्रकरणामुळे महाराष्ट्रात औषध नियमनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली ते १९८६ चे जे. जे. रुग्णालयाचे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. मुंबईच्या या सरकारी रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकोल होते. हे औद्योगिक वापराचे, चवीला गोड आणि मूत्रपिंडे निकामी करणारे रसायन आहे. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि राजकीय हस्तक्षेपापर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. त्या साखळीतील एखाद्या माणसाने तपासणीचा अहवाल मागितला असता, पुरवठादाराचा परवाना पाहिला असता किंवा लेबल नीट वाचले असते, तर ती बाटली वॉर्डापर्यंत पोहोचली नसती. कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासून घ्यायची सक्ती वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औषध कारखान्यात नोकरीला लागलेल्या मुलांना जाचक वाटू लागली, तर त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

तपासणीसाठी औषधाचा नमुना घेण्याची पद्धत औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे आणि तिच्याइतकी विचारपूर्वक रचलेली दुसरी तरतूद या कायद्यात क्वचितच असेल. दुकानातून नमुना घेताना निरीक्षकाला त्याची वाजवी किंमत देऊ करावी लागते, नमुना घेण्याचा हेतू लेखी कळवावा लागतो आणि नमुन्याचे चार भाग करून ते सीलबंद करावे लागतात. एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी राखून आणि चौथा, ज्याच्याकडून औषध आले असे विक्रेत्याने सांगितले असेल त्याला. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत आपण त्याविरुद्ध पुरावा देणार असल्याचे लेखी कळवता येते. मग न्यायालयाकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो आणि तेथील अहवाल अंतिम मानला जातो. हे २८ दिवस निघून गेले, तर पहिलाच अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. कितीतरी दुकानदार तो अहवाल ड्रॉवरमध्ये टाकून ठेवतात आणि वकिलाकडे जातात तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

विक्रेत्याचा बचाव कलम १९ च्या तिसऱ्या उपकलमात आहे. औषध सदोष होते हे त्याला माहीत नव्हते आणि योग्य काळजी घेऊनही कळले नसते, ते त्याने परवानाधारक उत्पादकाकडून, वितरकाकडून किंवा विक्रेत्याकडूनच घेतले होते, आणि त्याच्या ताब्यात असताना ते योग्य रीतीने साठवले जाऊन मूळ स्थितीतच राहिले होते, या तिन्ही गोष्टी त्याला सिद्ध कराव्या लागतात. त्यांतील दुसरीसाठी खरेदीचे बिल लागते. तिसरीसाठी मराठवाड्यात विशेष दक्षता लागते, कारण मे महिन्यात येथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तालुक्याच्या गावी वीज तासन्‌तास जाते आणि २ ते ८ अंशांत ठेवायचे इन्सुलिन बंद फ्रिजमध्ये पडून राहते. फ्रिजच्या तापमानाची रोजची नोंद, विजेची पर्यायी सोय आणि पत्र्याच्या छताखाली औषधांची खोकी न रचणे या गोष्टी रुग्णासाठी आधी आहेत. खटला उभा राहिला तर त्याच नोंदी विक्रेत्याच्या बाजूने बोलतात. विनाबिल स्वस्त माल घेणारा दुकानदार थोडा नफा मिळवतो आणि त्या बदल्यात हा सगळा बचाव स्वतःहून सोडून देतो.

शेवटी तो विषय, ज्याबद्दल पदविका हाती पडलेल्या मुलांशी मी सर्वांत जास्त बोलते. दुकानाचा परवाना फॉर्म २० आणि २१ मध्ये मालकाला मिळतो. फार्मासिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे त्या व्यक्तीच्या नावाने होते. फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करावे आणि द्यावे, आणि नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरील विक्री त्याच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावी. असे असताना आपल्याकडे 'सर्टिफिकेट कोठे लावलेस' हा प्रश्न नोकरीच्या चौकशीइतक्या सहजतेने विचारला जातो. प्रमाणपत्र लातूरच्या एका दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असते, ज्याचे ते आहे तो पुण्यात वेगळीच नोकरी करत असतो, आणि काउंटरवर दहावी झालेला मुलगा गोळ्या मोजून देत असतो. महिन्याला मिळणारे पैसे घरच्या शेतीच्या कर्जाला उपयोगी पडतात हे मला माहीत आहे आणि त्या मुलांच्या परिस्थितीकडे मी डोळेझाक करत नाही. तरीही मी त्यांना सांगते की चुकीची मात्रा दिली जाऊन एखादे मूल दगावले, तर चौकशीच्या कागदावर पहिले नाव तुमचे असेल, आणि व्यवसायातील गैरवर्तनासाठी कलम ३६ खाली परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते.

म्हणून नोकरी स्वीकारताना काही गोष्टी लेखी ठेवाव्यात. नेमणुकीचे पत्र घ्यावे आणि त्यात कामाची वेळ लिहून घ्यावी. त्या वेळेनंतर दुकान उघडे राहणार असेल, तर दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण आहे हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ती नोकरी घेऊ नये. तुम्ही हजर नसताना तुमच्या नावाने सही होणार नाही हे मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. परवान्यावर तुमचे नाव असताना नोकरी सोडली, तर ही माहिती मालकाने प्रशासनाला कळवली असेल असे धरून चालू नये. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) यांच्या कार्यालयात स्वतः अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि ती प्रत नोंदणी प्रमाणपत्राबरोबरच एका फाइलमध्ये ठेवावी.